कपडे लवकर का विरतात? सांगलीचं पाणी, ऊन आणि आपलं धुणं

अल्टरला, रफूला आलेले कपडे नेमके कुठं गेलेत ते नीट बघितलं की निम्मी गोष्ट तिथंच कळते. शर्टाच्या कॉलरची घडी, कफची कड, टॉपच्या बाजूच्या शिवणी, ब्लाऊजची काख, साडीचा फॉल लावलेला काठ, लेगिंजचं इलॅस्टिक. पाठीचं, पोटाचं कापड अजून छान असतं आणि कडा मात्र विरलेल्या. मी विश्रामबागेत शिलाई आणि फॉल-पिकोचं काम करते त्यामुळं रोज हेच हातात येतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं, "अगं हल्लीचं कापडच तसलं, पहिल्यासारखं राहिलंय कुठं." कापड पातळ झालंय हे खरंय, पण कफची कड अंगावर जेवढी घासते त्याच्या कितीतरी पट ती ब्रशखाली घासते. चांगला हजार-बाराशेचा कुर्ता वर्षाच्या आत फरशी पुसायला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय.

कपडा स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात. वेळ म्हणजे तो किती वेळ पाण्यात आहे, पाण्याची उष्णता, साबण-पावडरचं रसायन, आणि चौथी गोष्ट म्हणजे घासणं, चोळणं, आपटणं, मशीनमधलं घुसळणं. १९५९ साली जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर या केमिकल इंजिनियरनं हा हिशोब एका वर्तुळात मांडला, आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी की चारातली एक कमी केली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. पाणी गार असेल तर वेळ जास्त द्या, पावडर कमी असेल तर घासा जास्त, असं. आता आपल्याकडं होतं काय, सकाळी पाणी यायची वेळ ठरलेली, कामाची घाई, गरम पाणी अंघोळीलाच पुरत नाही, मग वेळ पण कमी आणि उष्णता पण कमी, आणि सगळा भार येतो त्या चौथ्या गोष्टीवर, म्हणजे दगड आणि ब्रशवर. नेमकी तीच कापडाची सगळ्यात जास्त झीज करते. मशीनच्या जाळीत जो राखाडी कापसासारखा गोळा साठतो ना, तो बाहेरून आलेला कचरा नाही, ते आपल्याच कपड्यांचे तुटलेले धागे आहेत.

त्यामुळं घासणं कमी करायचं असेल तर वेळ वाढवायचा, एवढंच आहे ते. शर्टाची कॉलर घ्या. तिथला काळा पट्टा म्हणजे मानेचं तेल, घाम आणि धूळ यांचा थर, नुसत्या पाण्यानं हलत नाही कारण तेल आहे. कॉलर ओली करायची, त्यावर लिक्विड किंवा पावडरची पातळ पेस्ट बोटानं लावायची आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवायची, पण वाळू द्यायची नाही. तेवढ्या वेळात साबण तेलाला सैल करतो, मग कापडावर कापड हलकं चोळलं तरी पट्टा निघतो. लगेच प्लॅस्टिकचा कडक ब्रश घेऊन तुटून पडलं तर मळ निघतो पण घडीवरचे धागे पण सोलले जातात, आणि आधी पांढरा केसाळपणा येतो मग तिथंच फाटतं.

पण वेळ द्यायचा म्हणजे रात्रभर भिजत घालायचं असं नाही हां. अर्धा तास पुरतो, फार मळकट असेल तर एक तास. त्याच्यापुढं पाण्यात सुटलेला मळ परत कापडावर बसायला लागतो, रंग सुटतो, आणि उन्हाळ्यात तर सकाळपर्यंत बादलीला वास येतो.

आता पाण्याचं. नळाला कृष्णेचं पाणी येतं तिथं त्यामानानं बरंय, पण कितीतरी अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाची वडी जड पाण्यात वापरली की हे क्षार साबणाला धरून एक चिकट पांढरट साका तयार करतात, तो ना पाण्यात विरघळतो ना मळ काढतो, कापडातच बसून राहतो. पांढरा बनियन राखाडी का होतो, टॉवेल पापडासारखा कडक का होतो, याचं मोठं कारण हे आहे, आणि आपण समजतो की साबण कमी पडला म्हणून अजून साबण लावतो आणि अजून साका. डिटर्जंट पावडरला हा त्रास कमी होतो पण तिचीही थोडी ताकद क्षारांना आवरण्यातच जाते.

तुमचं पाणी जड आहे का ते घरीच बघता येतं. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साबणाच्या वडीचा, पावडरचा नाही, थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं तर पाणी हलकं आहे. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, वर तुकडे तुकडे तरंगतायत, तर पाणी जड. शेजारी दुसऱ्या बाटलीत फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घेऊन असंच केलं तर फरक एकदम कळतो.

जड पाणी असेल तर सुती कपड्यांना वडीपेक्षा पावडर किंवा लिक्विड बरं. धुण्याचा सोडा थोडासा टाकला तर तो क्षारांना बाजूला काढतो, पण फक्त सुती आणि टेरिकॉटसाठी, रेशीम आणि लोकरीला सोडा लावायचाच नाही. आणि शेवटचं खळबळणं शक्य असेल तर नळाच्या पाण्यात करा, एवढं केलं तरी पांढरे कपडे सुधारतात. आधीच कडक झालेले टॉवेल असतील तर शेवटच्या बादलीत एक चमचा लिंबूसत्व विरघळवून त्यात दहा मिनिटं बुडवून परत साध्या पाण्यातून काढायचे, आम्लानं क्षार सुटतात. यात एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा, लिंबूसत्व किंवा व्हिनेगर कधीच ब्लीचबरोबर एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

फेसाबद्दल पण बोललं पाहिजे कारण फेस म्हणजे स्वच्छता हे डोक्यात फार पक्कं बसलंय. फेस मळ काढत नाही. मशीनमध्ये पावडर जास्त झाली की फेसामुळं कपडे एकमेकांना नीट लागत नाहीत, खळबळताना पावडर पूर्ण निघत नाही, आणि राहिलेली पावडर धूळ धरते, म्हणजे कपडा अजून लवकर मळतो आणि अजून लवकर धुवावा लागतो. मुलांच्या अंगाला खाज येते ती पण कधी कधी यानंच. पाकिटावर लिहिलंय त्याच्यापेक्षा थोडी कमीच घालून बघा, बहुतेक रोजच्या कपड्यांना तेवढी पुरते.

मशीनचं म्हणाल तर खाली चकती फिरते ती टॉप लोड किंवा सेमी ऑटोमॅटिक कपड्यांना पिळे घालते, एकमेकांत गुंडाळते, फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली पडतात त्यामुळं झीज कमी. पण म्हणून कोणी मशीन बदलायला जाऊ नका, आहे त्या मशीनमध्ये कपडे कसे टाकता यानं जास्त फरक पडतो. गच्च भरायचं नाही, वर वीतभर जागा राहू दे. जीन्स, टॉवेल, चादरी एका वेळी आणि पातळ टॉप, ओढण्या दुसऱ्या वेळी, कारण ओली जीन्स जड होते आणि पातळ कपड्याला घासून काढते. चेन लावून टाका, उघड्या चेनचे दात शेजारच्या कपड्याचे धागे ओढतात. ब्लाऊजचे हूक लावून टाका, माझ्याकडं येणाऱ्या ओढण्यांची जी छोटी छोटी भोकं असतात त्यातली बरीच हुकांची असतात. आणि रंगीत कपडे, प्रिंटवाले टी-शर्ट, जीन्स उलटे करून धुवा. जीन्सच्या धाग्याला निळा रंग फक्त वरवर असतो, आतून धागा पांढराच असतो, त्यामुळं घासलं की लगेच पांढरट पट्टे दिसतात.

सगळ्यात जास्त बिघडलेले कपडे कुठले येत असतील तर रेयॉनच्या कुर्त्या. हे कापड झुळझुळीत, स्वस्त, उन्हाळ्यात बरं वाटतं म्हणून सगळ्यांकडं आहे, पण याच्याबद्दल दुकानात कोणी सांगत नाही. सुती धागा ओला झाल्यावर उलट थोडा बळकट होतो, म्हणून तर धोतरं आणि लुगडी दगडावर आपटून पण टिकायची. रेयॉनचं बरोबर उलटं आहे, ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणजे जी कुर्ती कोरडी असताना ओढली तरी काही होत नाही तीच ओली असताना पिळली की शिवणीजवळ धागे सरकतात, मग बाजूला जाळी दिसायला लागते आणि लोक म्हणतात शिलाई उसवली. शिलाई तशीच असते हो, कापड सरकलेलं असतं, आणि ते परत बसवता येत नाही, आतून पट्टी लावून शिवण आत घ्यावी लागते. रेयॉन पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं, मशीनमध्ये टाकलं तर जाळीच्या पिशवीत आणि कमी स्पिनवर, आणि ओल्या कुर्तीला खांद्याला चिमटे लावून लटकवायचं नाही, पाण्याच्या वजनानं लांब होते. दोरीवर मधोमध आडवी टाकायची.

लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून आलेले धागे, केसासारखे, म्हणजे प्रथिन. साबण आणि पावडर अल्कलीवाले, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असतात, ते प्रथिनाला खातात, शिवाय बऱ्याच पावडरीत डाग काढायला एन्झाइम असतात त्यातली काही प्रथिनच तोडणारी असतात, ती रक्ताचा डाग तोडतात तसं रेशमालाही सोडत नाहीत. म्हणून आजी लोक रेशमी साडी आणि शाल रिठ्याच्या पाण्यात काढायच्या ते अगदी बरोबर होतं, रिठ्याचा फेस सौम्य असतो. रिठे नसतील तर लोकरीसाठीचं जे वेगळं लिक्विड मिळतं ते चालतं. पाणी गारच घ्या. स्वेटर गरम पाण्यात घालून चोळला तर लोकरीच्या धाग्यावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाड होतो, तो परत मोठा होत नाही.

जरीच्या साडीला तर मी म्हणेन घरी पाणी लावूच नका, आणि प्रत्येक लग्नानंतर ड्रायक्लीनला पण पाठवू नका. नेसून झाली की सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास टाका, घाम वाळू दे, मग सुती कापडात, मांजरपाटात गुंडाळून ठेवा आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घडी घाला, नाहीतर जरीची तार त्याच घडीवर तुटते.

नव्या रंगीत कपड्याला मीठ लावून रंग पक्का करायचा हा सल्ला घराघरात आहे. रंगवण्याच्या कारखान्यात मीठ वापरतात हे खरंय, रंग धाग्याकडं ढकलायला, पण कापड एकदा रंगवून झालं की घरच्या बादलीतल्या मिठानं तो पक्का होत नाही. जो सुटा रंग वर राहिलाय तो पहिल्या काही धुण्यात जाणारच, तेवढे वेळा गार पाण्यात वेगळं धुवा आणि लगेच वाळत घाला. ओला गोळा करून बादलीत ठेवला की पदराचा रंग साडीच्या अंगावर उतरलाच म्हणून समजा.

सांगलीत राहून हळदीच्या डागाबद्दल लिहिलं नाही असं कसं चालेल. हळदीतला पिवळा रंग, करक्युमिन, पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि तेलात विरघळतो, म्हणून आमटीचा डाग एवढा चिवट. साबण लावला की तो एकदम लाल होतो आणि माणूस घाबरून अजून घासायला लागतो. घाबरू नका, अल्कली लागली की करक्युमिन लाल दिसतो, साबण धुवून काढला की परत पिवळा होतो. घासायचं बंद करा. आधी भांड्याच्या लिक्विडनं त्यातलं तेल काढा, मग साध्या पाण्यानं धुवा आणि ओला कपडा तसाच कडक उन्हात, डाग सूर्याकडं करून वाळत घाला. उजेडात करक्युमिन तुटतो, पांढऱ्या सुती शर्टावरचा डाग एक-दोन उन्हात फिका होत होत जातो. रक्त, दूध, अंडं यांच्या डागाला मात्र पहिलं पाणी गारच, गरम पाण्यानं प्रथिन शिजून धाग्यात घट्ट बसतं.

उन्हाचा उपयोग हळदीला झाला तरी बाकी रंगीत कपड्यांना आपलं ऊन फार आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसला टेकतो, गच्चीवर सकाळी टाकलेले कपडे तासाभरात वाळतात आणि आपण ते संध्याकाळी सावकाश काढतो, मधले सहा-सात तास ते नुसते भाजत असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग तुटतो आणि धागा पण, रेशीम आणि नायलॉन तर सुतीपेक्षा लवकर. इलॅस्टिक लोंबतं ते पण उष्णतेनंच बरंचसं. तासगाव, कवठेमहांकाळकडं बेदाण्याच्या शेड बघितल्या असतील, वर छप्पर, बाजूला जाळी, आत रॅकवर द्राक्षं, आणि वारा आरपार. तिथं बेदाणा थेट उन्हात ठेवत नाहीत कारण तो काळपट पडतो, सावलीत वाऱ्यानं वाळवला तर रंग राहतो. कपड्यांचं अगदी तसंच आहे. वाळायला कोरडी हलती हवा लागते, ऊन लागतंच असं नाही. रंगीत कपडे गॅलरीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली वलणीवर, उलटे करून टाका आणि वाळले की लगेच काढा. टॉवेल, चादरी, बाळाचे लंगोट, आतले कपडे, पाळीचं कापड हे मात्र खुशाल उन्हात घाला, जंतू मरायला ऊन चांगलंच.

वाळत घालताना कपडा जोरात झटकायची आपली पद्धत आहे ती सोडू नका. सुती धाग्यात शेवटचं जे थोडं पाणी राहतं ते धाग्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतं, त्यानं कपडा कडक होतो. झटकल्यानं धागे सुटतात, सुरकुत्या मोडतात, इस्त्री कमी लागते. काढतानाही एकदा झटका.

पावसाळ्यात उलटा प्रश्न, वाळतच नाही आणि कुबट वास. हा वास ओलाव्याचा नसतो, जिवाणूंचा असतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू त्यामागं असल्याचं दाखवलं, तो अंगाचं तेल-घाम खाऊन वाढतो, आणि साध्या धुण्यानं पूर्ण जात नाही, म्हणून वाळलेला टॉवेल परत ओला झाला की परत वास. सॉफ्टनरनं वास फक्त झाकला जातो, वर टॉवेल पाणी शोषायचा कमी होतो. कपड्यांना सोसत असेल तर साठ अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात एकदा धुवा, आणि मग वाळायचा वेळ कमी करा. स्पिन दोनदा लावा, दोन कपड्यात हातभर अंतर ठेवा, खाली टेबल फॅन लावा, खिडकी उघडी. आणि घामट कपडे बादलीत कोंबून ठेवू नका, धुवायला वेळ असला तरी आधी दोरीवर वाळू द्या.

महापुरात चिखलात बुडालेल्या कपड्यांचं पण सांगते कारण २००५, २०१९, २०२१ हे सगळं आपण बघितलंय आणि तेव्हा कुणाला सुचत नाही. आधी साबण लावायचाच नाही, कारण पुराच्या गाळाची माती एकदम बारीक असते आणि साबण लावून चोळली की ती धाग्याच्या आत जाते आणि धागा कापते. नुसत्या पाण्यातून परत परत खळबळायचं, पाणी स्वच्छ यायला लागलं की मग पावडर, आणि सुती असेल तर गरम पाणी. ढीग करून ठेवायचं नाही, धुवायला पाणी नसेल तर निदान पसरून ठेवा, ढिगात दोन दिवसात काळे ठिपके पडतात आणि ती बुरशी धागा खाते, मग ते डाग ब्लीचनं गेले तरी कापड विरलेलंच असतं.

बुरशीवरून आठवलं, खळ घातलेल्या सुती साड्या कपाटात महिनोन्महिने ठेवू नका. खळ म्हणजे स्टार्च, कसर आणि बुरशी दोन्हींना ते खाणंच आहे. उन्हाळा संपताना खळ धुवून काढून मऊच ठेवा, नेसायच्या आधी परत खळ द्या.

आणि कपडा शिवायच्या आधीचं एक काम, जे आमच्या बाजूचं आहे. विणताना धागा ताणलेला असतो, पहिल्या पाण्यात तो सैल होतो आणि कापड आटतं. साडी पॉलिस्टरची आणि फॉल सुती असेल तर फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि काठाला चुण्या पडतात. ब्लाऊजचं अस्तर आटलं की वरचं कापड फुगतं आणि काख ओढते, आणि ओढलेली काख लवकर फाटते. त्यामुळं शिवायला टाकताना विचारा, अस्तर आणि फॉल भिजवून घेतलाय का. घेतला नसेल तर स्वतः घरी न्या, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, इथं रात्रभर चालतं कारण मळही नाही आणि साबणही नाही, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि आणून द्या. आम्ही दोन दिवस थांबतो.